भांगेचा फुलोरा : दिनमान व वय

सामान्य भांग दिवस लहान होऊ लागल्यावाचून फुलत नाही. उत्तर युरोपात उन्हाळ्यातील दिवस फार मोठे. त्यामुळे तेथे ती उशिरा फुलते व बी पिकण्यापूर्वीच हिवाने करपते. याच्या उलट, यानिशेव्स्की यांनी १९२४ साली वर्णिलेली रशियातील ‘रुडेरालिस’ ही रानभांग दिनमानाकडे न पाहता वयाप्रमाणे, काही आठवड्यांतच, फुलोऱ्यास येते. तिचे बी वेळेवर हाती लागते. मात्र झाड ठेंगणे राहते, व रोपास प्रारंभी बसलेला धक्का भरून निघण्यास अवकाश उरत नाही. म्हणून तिचे बी कायम जागीच पेरणे इष्ट. तात्पर्य, वाखासाठी पहिली व थंड प्रदेशात बियांसाठी दुसरी श्रेयस्कर होय. भारतात मात्र १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यान्वये परवान्यावाचून भांगेची लागवड हा अपराध आहे, हे कृषकबंधूंनी ध्यानी ठेवावे.