फाउंडेशनचा वापर : रुग्णास काय सांगावे?

मुखदूषिका व व्यंग यांची चिकित्सा घेणारे अनेक रुग्ण डाग झाकण्यासाठी फाउंडेशन लावतात. ‘ते बंद करा’ एवढेच सांगितल्यास रुग्ण लपवून लावतो व चिकित्सेस अपेक्षित यश येत नाही. म्हणून त्याची योग्य रीत सांगणे हा आम्ही चिकित्सेचाच भाग मानतो.

छटेची पारख मनगटावर न करता जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात करावी. तैलयुक्त त्वचेस ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ असा उल्लेख असलेले उत्पादन सुचवावे; प्रथम ते कोपराच्या आतील बाजूस लावून काही दिवस पाहावे.

लेप सुकू लागल्यावर सामान्यतः ठेवू नये, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. त्यानुसार लेप वेळीच धुऊन त्वचा कोरडी करावी. मगच सनस्क्रीन व त्यावर फाउंडेशनचा पातळ थर द्यावा. पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या स्पंजने ते टिपत लावावे. घासल्याने पिटिका चिघळतात. रात्री झोपण्यापूर्वी चेहरा स्वच्छ करणे आवश्यक आहे.

खरा धोका साधनांचा आहे. ओलसर स्पंजात जंतू वाढतात. तो प्रत्येक वापरानंतर आणि ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुऊन मोकळ्या हवेत पूर्ण वाळवावा. साधने दुसऱ्यास देऊ नयेत. औषधी विक्रेत्यांनीही एकाच स्पंजने अनेक ग्राहकांना नमुना लावून दाखवू नये.

तपासणीस मात्र रुग्णास फाउंडेशन न लावता बोलवावे. अन्यथा उपशयाचे यथार्थ ज्ञान होणार नाही.