भाड्याची चाळ : काही समज, काही वस्तुस्थिती

पुण्यामुंबईत नोकरी करून चार पैसे गाठीला बांधून परतलेल्या माणसाला आपल्या तालुक्यात एखादी जुनी चाळ दिसली, की तिच्या गळक्या कौलांवरून त्याची दृष्टी थेट भाडेपावत्यांच्या पुस्तकावर जाते. माझे एक स्नेही गेल्या वैशाखात रामनगरची पाच बिऱ्हाडांची चाळ असेच पाहून आले आणि ओसरीवर बसून त्यांनी मला हिशेब मांडून दाखवला : चाळ स्वस्तात घ्यावी, डागडुजी करावी, बँकेकडून वाढीव मूल्यांकन करून घ्यावे, त्यावर मोठे कर्ज काढून आपली रक्कम मोकळी करावी आणि तीच घेऊन दुसऱ्या चाळीच्या दारात उभे राहावे. बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. परंतु ती ज्या समजुतींवर उभी होती, त्या मोठ्या शहराच्या उपनगरातून आणलेल्या होत्या.

रामनगर ज्यात येते त्या कर्नाटकातील जोयडा तालुक्यात भाडेकरू मिळतो, हे खरे. काळी नदीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि विस्थापितांपैकी कित्येक कुटुंबे रामनगरात येऊन वसली. आज बेळगाव–गोवा रस्त्यावरच्या या गावात शिक्षक, बँकेतले कारकून, वीज आणि वनखात्याचे कर्मचारी खोली शोधत असतात. पण या इतिहासामुळेच येथील जमिनीचा कागद इतर ठिकाणांपेक्षा अधिक बारकाईने वाचावा लागतो.

पंचायतीची घरपट्टी आपल्या नावे लागली म्हणजे घर आपले झाले, ही पहिली समजूत. घरपट्टीची पावती ही कर भरल्याची पावती. ती मालकीचा पुरावा नव्हे. महाराष्ट्रात जसा सातबारा, तशी कर्नाटकात पहाणी. आणि ग्रामपंचायत हद्दीतील बिनशेती मिळकतीसाठी ‘ई-स्वत्तु’ प्रणालीतला नमुना ९ व नमुना ११-अ. विक्रेत्याने ११-ब पुढे केला, तर ती मिळकत रीतसर मंजूर नाही, हे त्या एका अक्षरातच सांगितलेले असते. आणि अशा कागदावर कर्ज देताना बँकेचा वकील हात आखडता घेतो. २०२० साली भूसुधारणा कायद्यातील ७९-अ आणि ७९-ब ही कलमे रद्द होऊन शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेण्याची मोकळीक मिळाली. त्यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला, की आता तिच्यावर खोल्या बांधायलाही कोणाची परवानगी नको. ते चूक आहे. १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खालील बिनशेतीची अट त्या दुरुस्तीने उठलेली नाही.

त्याहून नाजूक बाब वनहक्काच्या पट्ट्याची. अणशी आणि दांडेलीचे जंगल २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाले, २०१५ पासून त्याला काळी हे नाव आहे, आणि या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुणबी कुटुंबे येथे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला हक्क वारसाने पुढे जातो; तो विकता येत नाही. अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनींवर १९७८ च्या कायद्याचे बंधन आहे, आणि पूर्वपरवानगीवाचून झालेला व्यवहार पुढे रद्दबातल ठरू शकतो. म्हणून मूळ मंजुरीचा हुकूम आणि त्यातल्या अटी पाहिल्यावाचून विसार देऊ नये. पुनर्वसनातल्या भूखंडालाही हेच लागू.

आता भाडेकरूविषयीचे भय. १९७४ साली कर्नाटकात कुळवहिवाट संपुष्टात आली, गेणीने जमीन कसणाऱ्यांनी सातव्या नमुन्यात अर्ज केले आणि कसणारा धनी झाला. ज्यांच्या घरची जमीन गेली आणि ज्यांच्या घरी आली, त्या दोघांच्याही स्मरणात ते वर्ष अजून ताजे आहे. त्या स्मरणातूनच, बारा वर्षे राहिलेला बिऱ्हाडकरू खोलीचाही मालक होतो, असा एक विलक्षण समज येथे मूळ धरून बसला आहे. तो कायदा शेतजमिनीचा होता, राहत्या खोलीचा नव्हे. बारा वर्षांची मुदत प्रतिकूल कब्जाची. आणि जो भाडे देऊन, म्हणजे मालकाच्या संमतीने राहतो, त्याचा कब्जा प्रतिकूल नसतोच, उलट भाडेकरू म्हणून राहत असताना त्याला मालकाचे मालकीपण नाकारताही येत नाही. मात्र वर्षानुवर्षे पावती न देणारा, करार न करणारा मालक स्वतःच्या हाताने वादाला जागा करून देतो.

याच्या अगदी उलट टोकाची समजूत अशी, की खरेदीखत झाले म्हणजे जुन्या बिऱ्हाडकरूंना निघावेच लागते. मिळकत हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणे खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो, भाडेकरू आहे तेथेच राहतो. त्याने ठेवलेली अनामत कोण परत करणार, हे खरेदीखतात लिहून घेतले नाही, तर पुढे तोच तंटा होतो. अकरा महिन्यांच्या कराराचेही तसेच. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, तो खर्च टाळण्यापुरताच त्या अकरा महिन्यांचा उपयोग. मुदत संपली म्हणून सामान रस्त्यावर टाकण्याचा अधिकार त्यातून उत्पन्न होत नाही. तेथे न्यायालयाचीच वाट धरावी लागते.

दुरुस्तीविषयी मी स्नेह्यांना एवढेच म्हटले, की आषाढात एकदा पुन्हा जाऊन या. ते गेले. वैशाखात पांढरी शुभ्र दिसलेली मागची भिंत जोत्यापासून कमरेइतकी काळवंडली होती, आणि हात लावताच सिमेंटचा गिलावा पापुद्र्यासारखा सुटून आला. आत चिरा ओलाकंच. चिरा पाणी पितो आणि मोकळ्या हवेत ते सोडतोही. मातीच्या सांध्यांवर सिमेंट थापले की ओल आत कोंडते. मग रंगाचे तीन हात देऊनही पुढल्या पावसाळ्यात तीच भिंत समोर येते. पैसा आधी घालावा तो मंगळुरी कौलांखालच्या रिपांवर, पन्हाळींवर, ओघळ जोत्यापासून लांब पडेल एवढ्या वळचणीवर, आणि शौचालयांवर. शिवाय प्रत्येक बिऱ्हाडाला विजेचा वेगळा मीटर, कारण एका मीटरवरची पाच बिऱ्हाडे महिन्याच्या अखेरीस हटकून भांडतात.

राहिला कर्जाचा प्रश्न. दुरुस्तीवर तीन लाख घातले म्हणजे किंमत तीन लाखांनी वाढते, असे मूल्यांककाच्या शास्त्रात नाही. तो आसपासचे नोंदलेले व्यवहार पाहतो, आणि जेथे असे व्यवहारच विरळ, तेथे त्याची लेखणी सावध चालते. गृहकर्ज मंजूर झाले तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तीस लाखांपर्यंत किमतीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक मिळत नाही, आणि दहा लाखांपुढील मिळकतीत मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. समजा, पाच खोल्यांचे चार-चार हजारांप्रमाणे वीस हजार भाडे आले आणि पंधरा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी असले, तर हप्ता सुमारे १५,६६० रुपये. एक खोली रिकामी राहिली तरी तो कसाबसा निघतो. तेच कर्ज वाढवून वीस लाख केले, की हप्ता सुमारे २०,८८५ होतो आणि पाचही खोल्या भरलेल्या असताना खिशातून भर घालावी लागते. मोकळी झालेली ती पाच लाखांची रक्कम म्हणजे नफा नव्हे. ते व्याजाने आणलेले पैसे होत.

कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेणे मात्र वाटते तितके दंडाचे नाही. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार बँकांना २०१२ पासून घेता येत नाही; प्रक्रिया शुल्क, कागदांची तपासणी, गहाणाचा मुद्रांक एवढे धरून व्याजातली बचत मोजावी. आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ दस्तऐवज परत मिळाले नाहीत, तर विलंब बँकेचा असल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा हक्क १ डिसेंबर २०२३ पासून कर्जदाराला आहे.

स्नेह्यांनी मागच्या भिंतीचा खर्च वजा करून नवी किंमत सांगितली आहे आणि कर्जाचा आकडा पंधरा लाखांवरच ठेवला आहे. मंजुरीचा मूळ हुकूम विक्रेत्याने अद्याप दाखवलेला नाही, त्यामुळे विसारही अजून दिलेला नाही.