निकुंभ राजा सोइदेव आणि पाटणच्या शिलालेखातील मराठी

जामनेर ज्या जळगाव जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, चाळीसगावजवळ डोंगरपायथ्याशी पाटण हे प्राचीन स्थळ आहे. बाराव्या शतकात येथे निकुंभ घराण्याची सत्ता होती. इंद्रराजाच्या पश्चात राणी श्रीदेवी हिने अल्पवयीन पुत्र तिसरा गोवन याच्या वतीने राज्यकारभार पाहिला. सोइदेव हा या गोवनाचा पुत्र होय. तो देवगिरीच्या यादवांचा मांडलिक होता.

सोइदेवाचे नाव इतिहासात राहिले ते एका दानामुळे. यादव राजा सिंघण याच्या पदरी चांगदेव हा ज्योतिषी होता. आपला आजा भास्कराचार्य याच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे, म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापिला. शके ११२८ मध्ये (इ. स. १२०७) सोइदेवाने ग्रहणाच्या पर्वावर या मठास दान दिले. पुढे त्याचा भाऊ हेमाडिदेव गादीवर आला. हा सर्व वृत्तांत सांगणारा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

लेखाचा आरंभ संस्कृतात आहे. भास्कराचार्यांची विद्वत्ता आणि निकुंभांची वंशावळ श्लोकांत वर्णिली आहे. परंतु मठाला कोणी काय द्यावयाचे, हा विषय येताच भाषा पालटते व मराठी सुरू होते. बाजारात येणाऱ्या मालावरील राजाचा हक्क मठास दिला आहे. प्रत्येक तेलघाण्यामागे एक पळी तेल ठरविले आहे. मापन मठाच्याच मापाने करावे असेही सांगितले आहे.

यातील शब्दरूपे लक्षणीय आहेत. ‘मढा’ म्हणजे मठाला. संस्कृत ‘मठ’ शब्दातील ठकाराचा येथे ढकार झाला असून चतुर्थीचा अर्थ केवळ आकाराने व्यक्त होतो. ‘दीन्हला’ या रूपात आजच्या ‘दिला’ मधील लकार स्पष्ट दिसतो. ‘पळी’ व ‘घाणा’ हे शब्द तर आजही जसेच्या तसे प्रचारात आहेत.

भाषेतील हा पालट सहेतुक मानावा लागतो. राजाची कीर्ती पंडितांनी वाचावयाची होती; दानाची अट मात्र तेली, व्यापारी व मापारी यांनी पाळावयाची होती. ज्यांच्यावर बंधन घालावयाचे, त्यांना ते कळले नाही तर दान कागदोपत्रीच नव्हे, दगडावरही व्यर्थ ठरते. म्हणून सोइदेवाच्या काळी मराठी ही केवळ बोलण्याची भाषा उरली नव्हती. हक्क आणि देणे ठरविणारी भाषा म्हणून तिला मान्यता मिळाली होती, हे या लेखावरून निःसंशय सिद्ध होते.