अहवालातील आकृत्या आणि सॉफ्टवेअर : गैरसमज व वस्तुस्थिती

लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत जुळवलेल्या अहवालात आकृती खटकते ती बहुधा दोन कारणांनी: रेषा फुटतात, किंवा आकृतीतली अक्षरे मजकुराशी जुळत नाहीत. सॉफ्टवेअर निवडायचे ते या दोन गोष्टी पाहून.

पडद्यावर स्पष्ट दिसते ते कागदावरही स्पष्ट येते, हा पहिला गैरसमज. १३६६ पिक्सेल रुंदीचा स्क्रीनशॉट १६ सेंटिमीटरवर छापला, तर इंचाला जेमतेम २१७ पिक्सेल पडतात. छायाचित्रालाही साधारण ३०० लागतात, रेघांच्या आकृतीला त्याहून बरेच जास्त. असा स्क्रीनशॉट पीडीएफमध्ये साठवला म्हणून तो व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेला, होत नाही. पीडीएफ ८०० टक्के मोठी करून पाहावी. रेषेच्या कडेला पायऱ्या दिसल्या, तर आत पिक्सेलच आहेत.

महागड्या सॉफ्टवेअरशिवाय चांगली आकृती निघत नाही, हेही खरे नाही. लग्नपत्रिकेपासून फ्लेक्सपर्यंत चालणारे कोरलड्रॉ व्हेक्टर आकृती उत्तम काढते. पण २००३ पासून विकसित होत असलेले इंकस्केप विनामूल्य आहे आणि या कामाला पुरेसे आहे.

लाटेकमध्येच आज्ञा लिहून आकृती काढणाऱ्या टिक्झबद्दलचा समज उलट टोकाचा: लाटेक वापरायचे तर प्रत्येक आकृती आज्ञा लिहूनच काढली पाहिजे. आलेख, विद्युतमंडल, प्रवाहआकृती यांना टिक्झ शोभते, कारण तिथे स्थाने मोजूनमापून ठरतात. मात्र गोदावरीवरच्या विष्णुपुरी बंधाऱ्याचा छेद काढायचा असेल, तर नदीपात्राची वेडीवाकडी रेषा माउसने इंकस्केपमध्ये काढणेच शहाणपणाचे.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ती अक्षरे. १६ सेंटिमीटरची आकृती ८ सेंटिमीटरमध्ये बसवली की १० पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटचे होते आणि वाचता येत नाही. म्हणून आकृती छापायच्या रुंदीतच काढावी. इंकस्केपमधून पीडीएफ काढताना मजकूर वगळून त्यासाठी वेगळी लाटेक फाइल बनवण्याचा पर्याय मिळतो. तो निवडला की रेषा पीडीएफमध्ये राहतात, अक्षरे लाटेक जुळवते. पाण्याच्या उंचीचे चिन्ह समीकरणात जसे दिसते तसेच आकृतीतही दिसते.

मराठी नावे द्यायची असतील, तर जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर उचलून चालत नाही. फाँट बदलताच त्याची निरर्थक चिन्हे होतात. युनिकोडमध्ये टाइप करून झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरावे. अक्षरांचे वक्ररेषांत रूपांतर केले तर फाँटची अडचण सुटते, पण पुढे एक वेलांटीही दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे पीडीएफसोबत इंकस्केपची मूळ एसव्हीजी फाइल जपून ठेवावी.