व्हॅम्पायर लुई खरं बोलतोय की लेस्टॅट? 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'चे चाहते एकाच सीनवरून का भांडतायत?

एका व्हॅम्पायरनं आपल्या जोडीदाराला मारत मारत घराबाहेर ओढलं, त्याला घेऊन आकाशात उंच गेला आणि तिथून खाली सोडून दिलं. दोघंही व्हॅम्पायर असल्यामुळे कोणी मेलं नाही. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये हा सीन दाखवला गेला आणि या गोष्टीच्या चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले. ते अजून मिटलेले नाहीत.

मालिका आहे एएमसी या अमेरिकी चॅनलची, 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'. लुई आणि लेस्टॅटचे एडिट्स तुमच्या फीडवर कधी ना कधी येऊन गेले असतील. वरवर पाहिलं तर भांडण नेहमीचंच वाटतं, म्हणजे पुस्तकात असं नव्हतं, मालिकेनं वाट लावली, वगैरे. पण थोडं खोलात गेलं की कळतं, हे भांडण पुस्तक विरुद्ध मालिका असं नाहीच. एखाद्यानं स्वतःवर झालेल्या माराबद्दल सांगितलं आणि त्यातले काही तपशील चुकीचे निघाले, तर त्याचं सगळंच खोटं मानायचं का, इथे येऊन हे भांडण थांबतं.

(पुढे दोन्ही सीझनचे स्पॉयलर्स आहेत. मालिका बघायची असेल तर आधी ती बघून या.)

आधी मूळ गोष्ट काय आहे ते बघू

अ‍ॅन राइस या अमेरिकी लेखिकेची 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' ही कादंबरी १९७६ साली आली. त्याआधीचे व्हॅम्पायर बहुतेक वेळा बाहेरून दिसायचे. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'मध्ये (१८९७) बाकी सगळ्यांच्या डायऱ्या आणि पत्रं आहेत, पण ड्रॅक्युलाची स्वतःची बाजू कुठेच नाही. राइस यांनी हे उलटं केलं. त्यांच्या गोष्टीत व्हॅम्पायरच टेपरेकॉर्डरसमोर बसून एका तरुण पत्रकाराला आपली कहाणी सांगतो. सांगणारा लुई. त्याला व्हॅम्पायर बनवणारा लेस्टॅट. आणि या दोघांनी मिळून व्हॅम्पायर बनवलेली पाच वर्षांची मुलगी, क्लॉडिया. तिचं मन मोठं होत जातं, शरीर मात्र कायम पाच वर्षांचंच राहतं.

राइस यांची स्वतःची मुलगी मिशेल १९७२ मध्ये ल्युकेमियानं गेली. तिला सहा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यानंतरच्या काळात ही कादंबरी लिहिली गेली. जुने वाचक क्लॉडियाच्या बाबतीत इतके हळवे का असतात, ते यावरून लक्षात येईल.

बाकी या चाहत्यांना भांडणं नवीन नाहीत आणि त्यात खुद्द लेखिकाही मागे नव्हत्या. १९९४ च्या सिनेमात लेस्टॅटच्या भूमिकेसाठी टॉम क्रूझची निवड झाली तेव्हा राइस यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली होती. पुढे सिनेमा पाहिल्यावर त्यांनी जाहिरात देऊन त्याचं कौतुक केलं! २००० साली आपल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथांना, म्हणजे फॅनफिक्शनला, त्यांनी ठाम विरोध केला होता. त्यामुळे मालिकेवर रागावलेले लोक तिला महागडी फॅनफिक्शन म्हणतात, तेव्हा तो टोमणा जरा जास्तच लागतो. राइस डिसेंबर २०२१ मध्ये गेल्या. मालिका आली २०२२ मध्ये. आता निवाडा करायला त्या नाहीत.

मालिकेनं काय बदललं?

बरंच काही. कादंबरीतला लुई १७९१ च्या लुइझियानातला गोरा मळेवाला आहे आणि त्याच्या मळ्यावर गुलाम राबतात. मालिकेतला लुई कृष्णवर्णीय आहे. काळ १९१०, गाव न्यू ऑर्लिन्स, धंदा स्टोरीव्हिल या वस्तीतली कुंटणखानी. ही वस्ती कल्पनेतली नाही. १८९७ ते १९१७ या काळात न्यू ऑर्लिन्समध्ये देहविक्रीला मुभा असलेला हा भाग खरोखर होता. आणि याच शहरातल्या एका रेल्वे प्रवासाच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १८९६ मध्ये गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळ्या सोयी कायदेशीर ठरवल्या होत्या.

जेकब अँडरसननं साकारलेला हा लुई श्रीमंत आहे, हुशार आहे, पण त्याच्याच शहरात त्याला खालच्या पायरीवर उभं राहावं लागतं. अशात सॅम रीडचा गोरा, फ्रेंच, बेफिकीर लेस्टॅट येतो आणि सांगतो की माझ्यासोबत चल, तुला कोणापुढे मान झुकवावी लागणार नाही. व्हॅम्पायर होण्याचा मोह इथे एकदम समजण्यासारखा होतो. माझ्या मते हा बदल मूळ गोष्टीपेक्षा सरस आहे. आपल्या मळ्यावर माणसं गुलाम म्हणून ठेवणारा नायक दीडदोनशे वर्षं फक्त स्वतःच्याच आत्म्याची काळजी करत राहतो, हे आज वाचताना खटकतंच.

सिनेमात जे नजरेतून सुचवलं होतं ते मालिका उघड दाखवते. लुई आणि लेस्टॅट सरळसरळ जोडपं आहेत. क्लॉडिया इथे १४ वर्षांची आहे. पाच वर्षांच्या मुलीकडून प्रौढ मनाची भूमिका सीझनभर करून घेणं कोणालाही शक्य नव्हतं. १९९४ च्या सिनेमातही कर्स्टन डन्स्ट त्याहून बरीच मोठी होती. आणि आर्मंड! पुस्तकात तो कीव्हकडचा, तांबूस केसांचा मुलगा. मालिकेत असद झमाननं केलेला आर्मंड मूळचा दिल्लीचा, नाव अरुण, लहानपणी विकला गेलेला. आपल्याकडच्या प्रेक्षकांना तो दुसऱ्या सीझनमध्ये आपलं पहिलं नाव सांगतो तेव्हा दचकायला होतं.

पण सगळ्यात मोठा बदल यातला कुठलाच नाही. सगळ्यात मोठा बदल म्हणजे मुलाखत दुसऱ्यांदा होते. पत्रकार डॅनियल मलॉय (एरिक बोगोसियन) आता म्हातारा आहे, त्याला पार्किन्सन्स आहे, आणि १९७३ ची ती जुनी मुलाखत फसली होती हे त्याला ठाऊक आहे. २०२२ मध्ये लुई त्याला दुबईला बोलावतो. पुस्तकातला पत्रकार गुपचूप ऐकतो. हा मात्र मध्येच थांबवतो, उलटतपासणी घेतो, मागे तुम्ही वेगळं सांगितलं होतं म्हणून टोकतो.

मग मूळ गोष्टीत खरं काय?

चाहत्यांच्या भाषेत 'कॅनन' म्हणजे मूळ, अधिकृत गोष्ट. मालिका कॅननला धरून नाही अशी तक्रार असते. गंमत अशी की हे कॅननच स्वतःशी भांडतं.

१९८५ मध्ये राइस यांनी याच मालिकेतलं दुसरं पुस्तक लिहिलं, 'द व्हॅम्पायर लेस्टॅट'. त्यात लेस्टॅट १९८४ मध्ये जागा होतो, लुईची मुलाखत छापून आलेली वाचतो आणि चिडून स्वतःची बाजू लिहायला घेतो. पहिल्या पुस्तकात तो पैशाला हपापलेला, उथळ, आपल्या आंधळ्या बापावर खेकसणारा आहे. दुसऱ्या पुस्तकात तोच फ्रान्समधल्या उमरावाचा मुलगा आहे, हळवा आहे, आणि आपण शिकार करायचो ती दुष्टांची असं सांगतो. लुईनं माझ्याबद्दल खोटं लिहिलं, हा त्याचा दावा.

पुढची बरीच पुस्तकं लेस्टॅटच्या तोंडून आली. त्यामुळे जुन्या वाचकांना आवडतो तो लेस्टॅट मुख्यतः त्यानं स्वतःच रंगवलेला आहे. आपल्या बाजूनं आपणच लिहायचं म्हटल्यावर कोण वाईट दिसेल?

मालिकेचे कर्तेधर्ते रोलिन जोन्स यांनी काय केलं, तर दुसऱ्या पुस्तकातला हा संशय उचलून पहिल्या पुस्तकाच्या आत आणून ठेवला. लुई सांगत असतानाच आपल्याला वाटायला लागतं की हा काहीतरी लपवतोय. क्लॉडियाच्या डायऱ्या पुरावा म्हणून समोर येतात, तर त्यातली काही पानं फाडलेली असतात. या अर्थानं मालिका राइस यांच्या बरीच जवळ आहे, वर्ष, रंग, वय सगळं बदलूनसुद्धा.

आणि मग तो पाचवा एपिसोड

आकाशातून फेकून देण्याचा हा प्रसंग कुठल्याही पुस्तकात नाही. म्हणून पहिला गट म्हणाला, आमचा लेस्टॅट कितीही क्रूर असला तरी लुईला असं मारणार नाही. दुसरा गट म्हणाला, पुस्तकातही त्यानं लुईला अडकवूनच ठेवलं होतं. तो निघून जाऊ नये म्हणून क्लॉडियाला व्हॅम्पायर केलं. घरातली ही हुकूमत आधीपासून होती, मालिकेनं फक्त तिला शरीर दिलं.

तिसरा मुद्दाही आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ही पात्रं रोज माणसं मारतात. मग एकमेकांना मारल्यावर त्यांना आपल्या घरातले नियम का लावायचे? व्हॅम्पायरची प्रेमकथा बघायला आलेल्या माणसाला कौटुंबिक हिंसाचाराचं समुपदेशन नको असतं. हे मला अर्धंच पटतं. कारण तो सीन राक्षसांच्या मारामारीसारखा चित्रित केलेलाच नाही. भांडण घरात सुरू होतं, मुलगी बघत असते, शेवटी लुई मोडून पडतो, आणि नंतर लेस्टॅट भेटवस्तू घेऊन माफी मागायला येतो. हा क्रम व्हॅम्पायर नसलेल्या अनेक घरांत ओळखीचा आहे. शिवाय मार खाणारा कृष्णवर्णीय आणि मारणारा गोरा. हे सगळं दाखवायचं आणि पुढे ही महान प्रेमकथा आहे असंही म्हणायचं, याचा अनेक चाहत्यांना त्रास झाला. त्यातल्या काहींनी मालिका तिथेच सोडली.

दुसऱ्या सीझननं वाद संपवला की वाढवला?

मे २०२४ मध्ये दुसरा सीझन आला. त्याच्या पाचव्या एपिसोडमध्ये कळतं की १९७३ च्या मुलाखतीच्या वेळी नेमकं काय घडलं हे लुई आणि डॅनियल दोघांनाही नीट आठवत नाही, कारण आर्मंडनं त्यांच्या आठवणींत ढवळाढवळ केली होती. झालं! लेस्टॅटच्या चाहत्यांनी लगेच हिशेब मांडला. आठवणी बदललेल्या आहेत, म्हणजे तो सीनही खोटा असणार.

सातव्या एपिसोडमध्ये उत्तर मिळतं. पॅरिसच्या नाट्यगृहात व्हॅम्पायर लोक लुई आणि क्लॉडियावर खटला चालवतात. साक्षीदार लेस्टॅट. खटला म्हणजे लिहून ठेवलेलं नाटक आहे. लुई आणि क्लॉडियानं किती छळलं, हे लेस्टॅटनं रडून सांगायचं आणि प्रेक्षकांनी हळहळायचं. लेस्टॅटच्या बाजूनं ते भांडण वेगळं दिसतं. कसं पेटलं, कोणी कोणाला आधी डिवचलं, लुईनं किती प्रतिकार केला, हे तपशील बदलतात. पण फेकण्याच्या प्रसंगापाशी आल्यावर लेस्टॅट संहिता सोडतो आणि ते आपणच केलं हे सगळ्यांसमोर कबूल करतो.

म्हणजे मालिकेचं म्हणणं असं दिसतं की लुईला सगळं बरोबर आठवत नाही, पण इजा खरी आहे. माझ्या दृष्टीनं या मालिकेतली सगळ्यात जबाबदार जागा हीच. कारण प्रत्यक्षातही असंच होतं. मार खाल्लेल्या माणसाला तारीख आठवत नाही, आधी कोण ओरडलं ते आठवत नाही, कधी त्यानं स्वतः काय केलं हे तो गाळतो. समोरचा वकील तेवढ्यावर बोट ठेवतो.

तरी वाद थांबला नाही. काहींना वाटतं, कबुली देणारा लेस्टॅट इतका देखणा आणि हळवा दाखवलाय की सहानुभूती पुन्हा त्यालाच मिळते. काहींच्या मते सगळा दोष आर्मंडच्या गळ्यात घातला गेला. खटल्याचं ते नाटक त्यानंच बसवलं होतं आणि लुईला वाचवलं होतं लेस्टॅटनं, हे शेवटच्या एपिसोडमध्ये उघड होतं. लुई-लेस्टॅटच्या जोडीला 'लूस्टॅट' आणि लुई-आर्मंडच्या जोडीला 'लूमंड' म्हणणारे दोन पक्ष आहेतच. शेवटच्या एपिसोडनंतर दुसऱ्या पक्षाची अवस्था निवडणूक हरलेल्या पक्षाच्या कार्यालयासारखी झाली होती.

आता पुढे काय?

तिसऱ्या सीझनचं नाव बदलून 'द व्हॅम्पायर लेस्टॅट' करण्यात आलं, म्हणजे पुस्तकांप्रमाणे आता माईक लेस्टॅटच्या हातात. १९८५ च्या कादंबरीत तो रॉकस्टार होऊन आपली बाजू मांडतो, तोच धागा इथे आहे. त्यामुळे लुईनं सांगितलेलं खोडून काढलं जाणार आणि त्याच्या बाजूनं दोन सीझन भांडलेले लोक पुन्हा पुरावे काढून बसणार, यात शंका नाही.

लुईनं दोनदा मुलाखत दिली. लेस्टॅटला पुस्तकं मिळाली, आता सीझनही मिळाला. आर्मंडलाही राइस यांनी १९९८ मध्ये स्वतंत्र कादंबरी दिली होती. क्लॉडिया मात्र पॅरिसमध्येच उन्हात जळून गेली. तिची बाजू तिच्या डायऱ्यांत आहे, आणि त्या डायऱ्या दुबईत लुई आणि आर्मंड यांच्याच घरात ठेवलेल्या होत्या.