पिकाचा उतारा : सरासरी आणि पसारा

रब्बी ज्वारीचे दोन वाण गावात शेजारी-शेजारी पेरले. मळणी झाली, वजने झाली. आता शेतकरी विस्तार कार्यकर्त्यास विचारतात, "पुढील साली कोणता वाण पेरावा?" अशा वेळी बहुधा दोहोंची सरासरी काढून जिचा आकडा मोठा त्या वाणाची शिफारस केली जाते. ही रीत सोपी खरी; परंतु कोरडवाहू शेतकऱ्यास ती कधी कधी फार महाग पडते.

उदाहरणादाखल काही आकडे कल्पू. प्रत्येक वाण अकरा शेतांत घेतला आहे व उतारा हेक्टरी क्विंटलमध्ये आहे. पहिला वाण : ८, ९, ९, १०, १०, ११, ११, १२, १२, १३, १६. दुसरा वाण : ४, ५, ६, ७, ९, १०, १३, १६, १८, २०, २४. पहिल्याची सरासरी ११, दुसऱ्याची १२. म्हणजे दुसरा सरस, असे कोणीही म्हणेल.

आता हेच आकडे आलेख काढणाऱ्या गणकयंत्रावर मांडू. टीआय-८४ या यंत्रात 'स्टॅट' कळ दाबून 'एडिट' निवडावे, आणि एका वाणाचे आकडे 'एल १' रकान्यात व दुसऱ्याचे 'एल २' रकान्यात भरावेत. नंतर 'सेकंड' व 'वाय =' या कळांनी 'स्टॅट प्लॉट' उघडून पहिले दोन आलेख चालू करावेत, दोहोंसाठी पेटीचे चिन्ह निवडावे आणि एकास 'एल १', दुसऱ्यास 'एल २' जोडावा. 'झूम' व ९ दाबताच दोन पेट्या एकाखाली एक, एकाच मापपट्टीवर उमटतात. एकच मापपट्टी असल्यामुळेच तुलना नजरेने करता येते. 'ट्रेस' कळ दाबून बाणांनी सरकत गेल्यास आकडे वाचता येतात.

पेटीतील उभी रेघ म्हणजे मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतील मधला. पेटीच्या दोन कडा म्हणजे पहिला व तिसरा चतुर्थक. मधले सुमारे निम्मे आकडे त्यांच्या आत येतात. दोन्ही बाजूंच्या मिशा लहानांत लहान व मोठ्यांत मोठ्या आकड्यापर्यंत पोचतात. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांच्या १९७७ सालच्या ग्रंथामुळे या आकृतीचा प्रसार झाला.

आपल्या पहिल्या वाणाची पेटी ९ ते १२ अशी आखूड, मध्यक ११. दुसऱ्याची ६ ते १८ अशी लांबलचक, मध्यक अवघा १०. पहिल्याचे सर्वांत पडलेले शेत ८ क्विंटल देते. दुसऱ्याची अकरांपैकी चार शेते तेवढेही देत नाहीत. सरासरी वर चढविली ती २० व २४ क्विंटलच्या शेतांनी. ज्याने सोसायटीचे पीककर्ज काढले आहे, त्याला शेजाऱ्याचे २४ क्विंटल उपयोगी पडत नाहीत.

म्हणून दुसरा वाण टाकाऊ ठरत नाही. ती चार शेते कोठली, हे प्रथम नोंदवहीत पाहावे. ती हलक्या जमिनीची व उरलेली भारी काळ्या जमिनीची निघाली, तर जमिनीनुसार दोन गट करून पेट्या पुन्हा काढाव्यात. पेटी कारण सांगत नाही, शेतांची संख्याही सांगत नाही. तीन-चार शेतांवरून काढलेल्या पेटीवर विसंबू नये. टुकींच्या रीतीने पेटीच्या लांबीच्या दीडपटीहून दूर पडलेला आकडा वेगळ्या ठिपक्याने दाखविता येतो. तो खोडण्यापूर्वी वजनाची चिठ्ठी पाहावी.

शेतांची निवडही चिठ्ठ्या टाकून व्हावी. पीक कापणीच्या प्रयोगांत यादृच्छिक निवडीची पद्धत रुजविणाऱ्यांपैकी डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. रस्त्याकाठची चांगली शेते तेवढी निवडली, तर पेटी आखूड व देखणी येईल, पण ती गावाची नसेल.

यंत्र नसल्यास आलेख कागदावर हेच काम अर्ध्या तासात होते. आकडे क्रमाने लावावेत, मधला शोधावा, मग त्याच्या अलीकडील व पलीकडील निम्म्या आकड्यांतील मधले शोधावेत. अकरा शेतांत हे आकडे सहावा, तिसरा व नववा होत.