घरचा संगणक, घरचीच जुळणी (भाग ४) : खोडदच्या दुर्बिणीकडून सुटे भाग निवडायला शिकताना

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, नारायणगावपासून जवळच, जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. या अँटेनांकडून येणारे संकेत एकत्र करण्याचं काम सुरुवातीला त्यासाठीच घडवलेली इलेक्ट्रॉनिक सर्किटं करत. पुढे जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम ४८ लिनक्स संगणकांच्या समूहावर आणलं आणि २०१० मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. या यंत्रणेचं वैशिष्ट्य असं, की तिच्यातले भाग बाजारात मिळणारे होते. संकेतांचे आकडे करणारी कार्डं संगणकाच्या पीसीआय खाचेत बसत होती आणि संगणक एकमेकांना दुहेरी गिगाबिट नेटवर्कनं जोडले होते.

जुन्नर-आंबेगावात कुणी हौसेनं ताकदवान गेमिंग संगणक घरी जुळवणार असेल, तर भाग निवडण्याचा याहून चांगला धडा दुसरीकडे शोधायला नको. गेल्या आठवड्यात मदरबोर्डवरच्या खाचा आणि जोडण्या पाहिल्या. या आठवड्यात निवडीकडे वळू.

खोडदच्या गटापुढे कामाचं माप स्पष्ट होतं. प्रत्येक अँटेना दोन ध्रुवणांचे संकेत देते, म्हणजे ३० अँटेनांचे ६० संकेत. ३३ मेगाहर्ट्झचा पट्टा नीट टिपायचा तर प्रत्येक संकेताचे सेकंदाला त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख नमुने घ्यावे लागतात. सगळे मिळून सेकंदाला जवळजवळ ४०० कोटी नमुने होतात. शिवाय प्रत्येक अँटेनाची इतर प्रत्येकीशी सांगड घालायची. अशा जोड्या ४३५. हे सगळं त्याच क्षणी व्हायला हवं, कारण संगणक मागे पडला तर तेवढं निरीक्षण वाया जातं. किती संगणक, किती वेगाचं नेटवर्क, कोणती कार्डं, हे सारं या आकड्यांवरून ठरलं.

घरच्या संगणकाची निवडही अशीच कामाच्या मापापासून सुरू करावी. हे माप मॉनिटर सांगतो. १०८० पी पडद्यावर साधारण २० लाख ७४ हजार ठिपके असतात, १४४० पी पडद्यावर ३६ लाख ८६ हजार आणि ४के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार. ४के पडद्यावर सेकंदाला १२० चित्रं हवी असतील, तर सेकंदाला सुमारे ९९ कोटी ५० लाख ठिपके रंगवावे लागतात. १०८० पी पडद्यावर ६० चित्रांसाठी लागतं, त्याच्या बरोबर आठपट हे काम. प्रत्येक चित्रासाठी मिळणारा वेळही १६.७ मिलिसेकंदांवरून ८.३ मिलिसेकंदांवर येतो. म्हणून दुकानात जाण्याआधी पडदा ठरवावा. तो ठरला नाही, तर ग्राफिक्स कार्डावरचा प्रत्येक रुपया अंदाजानं खर्च होतो.

ग्राफिक्स कार्डाची गोष्टही खोडदलाच उत्तम कळते. जीएमआरटीचं नूतनीकरण झालं तेव्हा एका वेळी टिपता येणारा पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला. म्हणजे एका संकेताचे सेकंदाला ८० कोटी नमुने, आणि ६० संकेतांचे ४,८०० कोटी. हा लोंढा साध्या प्रोसेसरांच्या आवाक्यातला नव्हता. नव्या यंत्रणेत संकेत आधी एफपीजीए चिप असलेल्या बोर्डांवर येतात आणि पुढचा जड हिशेब ग्राफिक्स प्रोसेसर करतात. त्यासाठी एन्व्हिडियाची टेस्ला के-४० जातीची कार्डं निवडली गेली.

टेस्ला के-४० आणि गेमिंगसाठीचं जीफोर्स जीटीएक्स ७८० टीआय ही दोन्ही कार्डं नोव्हेंबर २०१३ मधली, एकाच केप्लर पिढीची. दोन्हींत २,८८० कोर. के-४० मध्ये १२ जीबी मेमरी होती आणि मेमरीतल्या चुका ओळखून दुरुस्त करण्याची सोयही होती. गेमिंगच्या कार्डात ३ जीबी. म्हणजे दूरच्या आकाशगंगांचे संकेत जुळवणारी आणि शर्यतीच्या खेळात रस्ता रंगवणारी यंत्रं मुळात सख्खी भावंडं. कारण सरळ आहे. दोन्ही कामांत एकच छोटा हिशेब लाखो ठिकाणी एकाच वेळी करायचा असतो. ग्राफिक्स प्रोसेसर घडलाच मुळी त्यासाठी, आणि २००७ मध्ये आलेल्या कुडा प्रणालीनं हीच ताकद शास्त्रज्ञांना खुली करून दिली.

आजचं माप पाहू. जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आलेल्या आरटीएक्स ५०९० मध्ये २१,७६० कोर आणि ३२ जीबी मेमरी आहे, पण ते एकटं ५७५ वॅट ओढतं. आरटीएक्स ५०८० ला १६ जीबी मेमरी आणि ३६० वॅट. आरटीएक्स ५०७० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी या दोघांनाही १६ जीबी, आणि वीज ३०० वॅटच्या आसपास. १४४० पी पडदा असेल तर शेवटच्या दोघांपैकी एक घ्यावं. त्याच्या वर दिलेले पैसे त्या पडद्यावर फारसे दिसत नाहीत. ४के पडद्यावर प्रकाशकिरणांचा पूर्ण हिशेब करणारे खेळ चालवायचे असतील, तरच वरच्या कार्डांना अर्थ आहे. तिथेही डीएलएसएस किंवा एफएसआरसारखी तंत्रं कमी ठिपक्यांत चित्र काढून मग मोठं करतात आणि कार्डाचा भार हलका करतात. मेमरीत मात्र काटकसर नको. खेळातल्या पृष्ठभागांची चित्रं कार्डाच्या मेमरीत मावली नाहीत, की कितीही कोर असले तरी खेळ अडखळतो.

प्रोसेसर निवडताना २०१०च्या त्या शोधनिबंधातली एक गोष्ट उपयोगी पडते. त्या गटानं आपली आज्ञावली प्रोसेसरच्या कॅशचा पुरेपूर वापर होईल अशी मुद्दाम बांधली होती. प्रोसेसरच्या मानानं रॅम फार संथ असते. हवा तो आकडा शेजारच्या कॅशमध्ये सापडला नाही, तर प्रोसेसर नुसता वाट पाहत बसतो. खेळांत हे वाट पाहणं सतत घडतं, कारण पात्रं, वस्तू, टकरा यांची माहिती मेमरीत विखुरलेली असते. आज्ञावली लिहिणं खोडदच्या गटाच्या हातात होतं; खेळणाऱ्याच्या हातात ते नसतं. म्हणून त्यानं कॅशच मोठी घ्यावी. एएमडीनं २०२२ मध्ये रायझेन ७ ५८०० एक्स३डी या प्रोसेसरवर कॅशचा जादा थर चढवला आणि एल३ कॅश ९६ एमबीवर नेली. नोव्हेंबर २०२४ मधल्या ९८०० एक्स३डीत तो थर कोरच्या खाली गेला, त्यामुळे कोरची उष्णता थेट कूलरकडे जाऊ लागली. या प्रोसेसरला आठच कोर आहेत, तरी खेळांत तो दुप्पट कोरवाल्या अनेकांना मागे टाकतो. व्हिडिओ संपादनही जोरात करायचं असेल, तर जास्त कोरचा विचार वेगळा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरचे प्रोसेसर वापरलेले मिळत असतील, तर जपून. जादा व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये कंपनीनंच मान्य केलं, दुरुस्तीसाठी मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

रॅम आणि एसएसडी लवकर उरकता येतात. ९८०० एक्स३डी ज्यावर बसतो त्या एएम५ मदरबोर्डवर डीडीआर५-६००० वेगाची १६ जीबीची जोडी, म्हणजे एकूण ३२ जीबी, गेमिंगला पुरते. ती बसवल्यावर बायोसमध्ये एक्स्पो ही रॅमच्या वेगाची तयार मांडणी सुरू करायला विसरू नये, नाहीतर ती कमी वेगानंच चालत राहते. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले, त्यामुळे गरजेहून जास्त घेण्याचा मोह टाळलेला बरा. एसएसडी पीसीआयई ४.० ची, सेकंदाला ७,००० एमबीच्या आसपास वाचणारी असली की झालं. ५.० ची तिच्या दुप्पट वेगानं वाचते, पण खेळ उघडण्याच्या वेळेत तो फरक जेमतेम जाणवतो.

आता ज्या भागावर गावाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं आणि ज्याच्यावर सगळ्यात कमी दिलं जातं, त्या एसएमपीएसकडे, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे येऊ.

५०९० आणि ९८०० एक्स३डी यांचा संगणक खेळताना भिंतीतून ८०० वॅट सहज ओढतो. रोज चार तास खेळलं तर महिन्याला ९६ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतरचा टप्पा बराच महाग आहे. म्हणजे स्वस्त टप्पा जवळजवळ एकटा संगणकच खाऊन टाकतो आणि पंखा, फ्रीज, मोटार महाग टप्प्यात जातात. कार्ड निवडताना हा हिशेब घरातल्या थोरांसमोर मांडायलाच हवा. ५०९० साठी एन्व्हिडिया १,००० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तो एटीएक्स ३.१ मानकाचा घ्यावा. नव्या कार्डांची १६ पिनांची वीजजोडणी २०२२ मध्ये काही ठिकाणी वितळली होती. प्लग पूर्ण न बसणं हे त्याचं मुख्य कारण निघालं आणि पुढे जोडणीची रचना सुधारण्यात आली. सुधारलेली जोडणी असली, तरी प्लग खटकन शेवटपर्यंत बसल्याची खात्री डोळ्यांनी करावी.

गावात मोठ्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब उतरतो. त्यासाठी स्टॅबिलायझर घेण्याची गरज नाही. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टच्या दरम्यान काम करतो. खरा धोका वीज अचानक जाण्याचा आणि उसळीसह परत येण्याचा. वीज गेल्यावर एसएमपीएस संगणकाला साधारण १२ ते १७ मिलिसेकंद तगवतो, त्याहून फार जास्त नाही. घरचा इन्व्हर्टर यापेक्षा उशिरा जागा झाला, तर संगणक बंद पडतो आणि अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते. म्हणून प्युअर साइन वेव्ह देणारा यूपीएस हवा. तो घेताना व्हीए नव्हे, वॅट वाचावेत. १,००० व्हीएचे अनेक यूपीएस प्रत्यक्षात ६०० वॅटच देतात.

अर्थिंगचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारी फिल्टर असते आणि तिचे काही कपॅसिटर थेट अर्थला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलेलं असेल, तर कॅबिनेटचा पत्रा मुख्य दाबाच्या जवळजवळ निम्म्यावर तरंगतो आणि हात लावताच झिणझिण्या येतात. ‘थोडा करंट येतोच’ म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. घरात लहान मुलं असतात.

याच फिल्टरचा खोडदशीही संबंध आहे. जीएमआरटी साधारण १२० ते १,४५० मेगाहर्ट्झ दरम्यानच्या लहरी ऐकते आणि संगणकांची सर्किटं याच पट्ट्यात गोंगाट करतात. त्यामुळे वेधशाळेत स्वतःचीच डिजिटल यंत्रं धातूनं वेढलेल्या खोल्यांत ठेवली जातात. वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांचा त्रास इतका, की तो त्याच क्षणी गाळण्याची सोय नव्या यंत्रणेत करावी लागली. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीचा फेरविचारही दुर्बिणीसाठीच झाला. हलक्या एसएमपीएसमध्ये पैसे वाचवायला फिल्टरचेच भाग गाळले जातात. या परिसरात चांगला एसएमपीएस आणि पक्कं अर्थिंग घेणारा माणूस आपलं घर सांभाळतो आणि शेजारच्या विज्ञानालाही मदत करतो.

उरला कॅबिनेट. संगणकानं ओढलेला प्रत्येक वॅट शेवटी खोलीत उष्णता होऊन येतो. एप्रिल-मेमध्ये मंचर-नारायणगावच्या बंद खोलीत ८०० वॅट म्हणजे छोटा हीटरच. खोली जितक्या अंशांनी तापेल, जवळपास तितक्याच अंशांनी आतले भाग तापतात. म्हणून समोर पूर्ण काचेचा नव्हे, जाळीचा कॅबिनेट घ्यावा. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या रचनेतल्या खोडदच्या अँटेनाही भरीव नाहीत, ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारांची ती जाळी आहे, १० ते २० मिलिमीटरच्या चौकटींची. वारा आरपार जातो, पण २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब लहरी परतवल्या जातात. धातूच्या जाळीचा कॅबिनेट याच नियमानं हवा आत घेतो आणि आतला बराचसा रेडिओ गोंगाट आतच ठेवतो. शेतालगतच्या घरात धूळ फार, म्हणून बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा आत ओढणारे पंखे जास्त असावेत आणि त्यांच्यावर काढून धुता येणारी गाळणी असावी. मग हवा फटींतून बाहेर येते, धूळ आत शिरत नाही.

हे तंत्र जवळून पाहायचं असेल, तर २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला भरणारं प्रदर्शन चुकवू नये. तिथे अभियंत्यांना प्रश्न विचारता येतात.

तेव्हा निवडीचा क्रम असा : आधी पडदा, मग त्याला पुरेल असं ग्राफिक्स कार्ड, मग मोठ्या कॅशचा प्रोसेसर, मग या दोघांना निवांत पोसणारा एसएमपीएस आणि यूपीएस, मग जाळीचा कॅबिनेट. रंगीत दिवे आणि महागडा मदरबोर्ड पैसे उरले तरच. पुढच्या भागात प्रत्यक्ष जुळणी करू. त्याआधी वाचकांनी एक काम मात्र उरकून घ्यावं : वायरमनला बोलावून संगणकाच्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्यावं, आणि त्यानंतरच भाग मागवावेत.